कल्ल्यांवरचे अमीबा आणि आपली मत्स्यशेती



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर जीवशास्त्र शिकवलं. त्यांच्या नावानं होणाऱ्या व्याख्यानात एका पेशीच्या जिवाबद्दल बोलायला मिळावं, याचा मला मनापासून आनंद आहे. अमीबा आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. शाळेच्या वहीत त्याची आकृती काढली नाही असा माणूस या सभागृहात विरळा. पुढे कुणाला तो आमांशाच्या निमित्तानं भेटला असेल. आणि 2024 पासून केरळातून मेंदूज्वराच्या बातम्या येऊ लागल्या तेव्हा नेग्लेरिया फाउलेरी हे नाव आपण धास्तीनं वाचलं.

आज मी ज्या अमीबांबद्दल बोलणार आहे, ते माशांच्या कल्ल्यांवर बसतात. तुमच्या मनात लगेच प्रश्न आला असेल, की असा मासा खाल्ला तर आपलं काय? ती शंका आधीच दूर करतो. कल्ल्यांचा रोग करणारा हा समुद्री अमीबा माणसाला बाधल्याचं माहीत नाही. केरळात ज्यानं बळी घेतले तो गोड्या, उबदार पाण्यातला वेगळा अमीबा. तो नाकावाटे शिरतो, मासे खाण्यातून नाही. तेव्हा भीती बाजूला ठेवू आणि माशाचा विचार करू.

मला चार गोष्टी सांगायच्या आहेत. कल्ल्यावर नेमकं काय घडतं, ही पहिली. रोग कोण करतो हे कळायला एवढा काळ का लागला, ही दुसरी. त्यावर उपाय काय आणि तो कुठे अपुरा पडतो, ही तिसरी. आणि चौथी गोष्ट, आपण यातून काय घ्यायचं. चारही गोष्टींच्या मुळाशी माझं म्हणणं एकच आहे. हे अमीबा पाण्यात मोकळे जगणारे जीव आहेत. त्यांच्यातून रोगाची साथ उभी राहते ती आपण मासा ज्या रीतीनं ठेवतो त्या रीतीमुळे.

पहिली गोष्ट, कल्ला.

हवेच्या एका लिटरमध्ये सुमारे 210 मिलिलिटर प्राणवायू असतो. समुद्राच्या लिटरभर थंड पाण्यात तो असतो जेमतेम 5-6 मिलिलिटर. एवढ्याशा प्राणवायूवर मासा जगतो, पोहतो, वाढतो, अंडी घालतो. कशाच्या बळावर? कल्ल्यांच्या. कल्ल्याच्या प्रत्येक कमानीवर तंतूंच्या रांगा, आणि प्रत्येक तंतूवर दोन्ही बाजूंना अतिशय पातळ पापुद्रे. या पापुद्र्यांतून रक्त एका दिशेनं वाहतं, त्यांच्यामधून पाणी उलट दिशेनं. या उलट्या प्रवाहामुळे पाण्यातला बहुतेक प्राणवायू रक्तात ओढला जातो. रक्त आणि पाणी यांच्यामध्ये पेशींचा एखाददुसरा थर, मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाएवढ्या जाडीचा. अंगातला अमोनिया बाहेर टाकायचा तो इथूनच. क्षारांचा तोल सांभाळायचा तोही इथेच. म्हणजे माशाचं फुप्फुस आणि मूत्रपिंडाचं निम्मं काम, सगळं उघड्या पाण्यात मांडलेलं.

अशा नाजूक जागी अमीबा येऊन चिकटला तर काय होईल? हा अमीबा केवढा? एका मिलिमीटरच्या रेषेत तीस-चाळीस बसतील एवढा. तो चिकटला की कल्ल्याच्या वरच्या थरातल्या पेशी भराभर वाढू लागतात. चिकटा सुटू लागतो. शेजारशेजारचे पापुद्रे एकमेकांना जुळून जातात. पावसात भिजलेल्या पुस्तकाची पानं एकमेकांना चिकटावीत आणि मधलं काही वाचताच येऊ नये, तशी कल्ल्याची गत होते. जुळलेल्या पापुद्र्यांमध्ये बारीक पोकळ्या उरतात आणि काही अमीबा त्यांतच अडकून पडतात.

इथे एक बाब ध्यानात घ्या. नासाडीचा मोठा भाग अमीबानं कुरतडल्यामुळे होत नाही. माशाचं शरीर त्याला जे उत्तर देतं, त्या उत्तरातून तो होतो. कल्ला स्वतःला वाचवायला जाड होतो, आणि जाड झाला की श्वासाला निरुपयोगी होतो. शिवाय मासा केवळ गुदमरून मरतो असंही नाही. रोगी सालमन माशाच्या रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, हृदयावर ताण येतो, हे ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात झालेल्या अभ्यासांत दिसलं आहे. वरून पाहणाऱ्याला काय दिसतं? मासा खाणं सोडतो, सुस्तावतो, पृष्ठभागाजवळ येऊन थांबतो, कल्ल्यांची झाकणं जोरजोरात हलवतो. झाकण उचललं तर आत पांढरट, फुगीर, चिकट चट्टे. उपचार झाला नाही तर पिंजऱ्यातले निम्म्यापर्यंत मासे जाऊ शकतात.

दुसरी गोष्ट, रोग नेमका कुणाचा.

हा रोग पहिल्यांदा ठळकपणे दिसला 1980 च्या दशकाच्या मध्यावर, ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला असलेल्या टास्मानिया बेटावर. तो झाला अटलांटिक सालमनला, आणि हा मासा त्या गोलार्धातला नव्हेच. (आपल्याकडे रावसाला इंडियन सालमन म्हणतात, पण रावस अगदी वेगळ्या कुळातला.) 1960 च्या दशकात कॅनडाच्या नोव्हा स्कोशियातून या सालमनचं बीज ऑस्ट्रेलियात आलं, पुढे टास्मानियात त्याची शेती सुरू झाली. आणि पहिल्याच वर्षांत, समुद्रातल्या पिंजऱ्यांत ठेवलेल्या माशांच्या कल्ल्यांवर हे पांढरे चट्टे. त्याच सुमारास अमेरिकेत वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावर कोहो सालमनमध्येही तसाच रोग आढळला.

शास्त्रज्ञांनी काय केलं? जे कुणीही करील तेच. कल्ल्यावरून नमुना घेतला, काचेच्या बशीत खाद्य घालून ठेवला, जे वाढलं ते ओळखलं. वाढला तो अमीबा ओळखीचा होता, अमेरिकेत मेन राज्याच्या किनाऱ्यावरून 1970 मध्ये वर्णन झालेला पेमाक्विडेन्सिस. मग पाठ्यपुस्तकांत तेच नाव, शोधनिबंधांत तेच नाव, रोगनिदानात तेच नाव. वीस वर्षं हे असंच चाललं.

पण एक अडचण होती. बशीत वाढवलेला तो अमीबा निरोगी माशावर सोडला की रोग होत नसे. रोगी माशाच्या कल्ल्यावरून थेट उचललेले अमीबा सोडले, तर मात्र होत असे. याचा अर्थ काय? बशीत वाढणारा एक, आणि कल्ल्यावर रोग करणारा दुसराच. टास्मानिया विद्यापीठात बार्बरा नोवाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बशी बाजूला ठेवली आणि कल्ल्यावरच्या अमीबांची जनुकं सरळ वाचली. 2007 मध्ये त्यांनी नव्या प्रजातीचं वर्णन केलं, निओपॅरामीबा पेरुरान्स. मग टास्मानियाबाहेरच्या देशांतले जुने, जपून ठेवलेले नमुने पुन्हा तपासले गेले. चट्ट्यांमध्ये सापडला तो पेरुरान्सच. पुढे तो बशीत वाढवणंही साधलं, त्यानं निरोगी माशाला रोग दिला, त्या माशातून तो परत मिळाला. रॉबर्ट कॉख यांनी एकोणिसाव्या शतकात घालून दिलेली कसोटी 2012 मध्ये पूर्ण झाली. 1980 च्या दशकापासून 2012 पर्यंत, हिशेब तुम्हीच करा.

आणि त्याही पुढची गंमत बघा. बशीत वर्षानुवर्षं वाढवलेल्या पेरुरान्सनंसुद्धा रोग करण्याची ताकद गमावल्याचं 2015 मध्ये दिसून आलं. म्हणजे जीव तोच, नाव तेच, पण कल्ल्यापासून दूर राहिला आणि निरुपद्रवी झाला. मला यातून मिळणारा धडा फार मोलाचा वाटतो. प्रयोगशाळेत जे सहज वाढतं ते आपल्या डोळ्यांत भरतं. जे वाढत नाही ते नाहीच असं आपण धरून चालतो. रोग समजून घ्यायचा तर जिथे रोग आहे तिथे पाहिलं पाहिजे, माशाच्या कल्ल्यावर, त्याच्या पाण्यात, त्याच्या पिंजऱ्यात.

या अमीबाच्या पोटात आणखी एक आश्चर्य आहे. त्याच्या केंद्रकाला चिकटून दुसरा एक जीव राहतो. त्याचं नाव पर्किन्सेला. हा काळा आजाराच्या परजीवीच्या दूरच्या नात्यातला. त्याचे सर्वांत जवळचे भाईबंद माशांच्या त्वचेवर आणि कल्ल्यांवर जगणारे परजीवी आहेत. पर्किन्सेलाला बाहेर स्वतंत्र जगता येत नाही आणि अमीबाही त्याच्याशिवाय सापडत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली हा जोडीदार केंद्रकाशेजारच्या ठिपक्यासारखा दिसतो. तो ठिपका पहिल्यांदा टिपला फ्रिट्झ शाउडिन या जर्मन संशोधकानं, 1896 साली, याच गटातल्या एका समुद्री अमीबात. याच शाउडिननं पुढे 1903 मध्ये माणसाला आमांश देणाऱ्या अमीबाला आज आपण वापरतो ते नाव दिलं. आपल्या आतड्यातला अमीबा आणि समुद्रातला अमीबा एकाच माणसानं असे लागोपाठ निरखले होते. तो ठिपका म्हणजे एक वेगळा जीव आहे, हे पक्कं व्हायला मात्र पुढचं जवळजवळ शतक गेलं.

समुद्रातून आता गोड्या पाण्यात येऊ. तिथे काय चित्र आहे? 1985 मध्ये कॅनडातल्या ओंटारिओतून रेनबो ट्राउटच्या कल्ल्यांवर गाठी येण्याच्या रोगाचं वर्णन झालं. पुढे युरोपातल्या ट्राउट फार्मांवरही तो दिसला. इथे एकच अमीबा दोषी धरता येत नाही. नेग्लेरियाच्या जातकुळीतले, व्हॅनेला, कोक्लिओपोडियम, अकँथामीबा, असे अनेक वंश रोगी कल्ल्यांवरून मिळाले आहेत. यांतले बहुतेक गाळात, दगडांवरच्या बुळबुळीत थरात, जिवाणू खाऊन मजेत राहणारे. यांवर दशकानुदशकं काम केलं ते चेकियातल्या इव्हा डिकोव्हा आणि यिर्झी लोम यांनी. काही अमीबा तर कल्ल्यांवर थांबतही नाहीत. स्पेनमध्ये पाळलेल्या सोल या समुद्री माशाच्या आतड्यातून स्नायूंत उतरून गाठी करणारा एंडोलिमॅक्स पिसियम 2014 मध्ये वर्णिला गेला. गोल्डफिशच्या आतल्या अवयवांतही अमीबांनी केलेल्या गाठी सापडल्या आहेत.

समुद्रात एक दोषी, गोड्या पाण्यात अनेक. मग दोन्हींत समान काय? समान आहे ती परिस्थिती. दाटीनं ठेवलेले मासे, आणि पळून जायला वाव नाही.

तिसरी गोष्ट, उपाय.

उपाय ऐकाल तर थक्क व्हाल, इतका साधा. गोडं पाणी. पिंजऱ्यात ताडपत्रीचं भलंमोठं अस्तर पसरायचं, त्यात गोडं पाणी भरायचं, मासे दोन-तीन तास त्यात सोडायचे. किंवा पोटात पाण्याच्या टाक्या असलेल्या बोटीवर मासे ओढून घ्यायचे. खाऱ्या पाण्यात जगणारा अमीबा गोड्या पाण्यात फुगून फुटतो. सालमन मात्र गोडं पाणी सोसतो, कारण त्याचा जन्मच नदीतला.

इथे जरा थांबून विचार करू. रानटी सालमनचं आयुष्य कसं असतं? नदीत जन्म, समुद्रात वाढ, आणि अंडी घालायला पुन्हा नदीत. नदीत परतताना समुद्रातून आलेले पाहुणे त्याच्या अंगावरून गळून पडतात. पिंजऱ्यातल्या सालमनला ती परतीची वाट नाही. समुद्रात सोडल्यापासून काढणीपर्यंत तो त्याच खाऱ्या पाण्यात, हजारो भाईबंदांच्या गर्दीत. टास्मानियात पिंजऱ्यांभोवतीचे मोकळे मासे तपासले, तेव्हा त्यांच्यात हा रोग सापडला नाही. पाणी तेच, अमीबाही जवळच. गोड्या पाण्याची आंघोळ म्हणजे माशाच्या आयुष्यातून आपण कापून टाकलेला नदीचा तुकडा दोन-तीन तासांसाठी त्याला परत देणं आहे. टास्मानियातच मॅक्वारी हार्बर नावाची खाडी आहे, तिथे नद्यांचं गोडं पाणी वरच्या थरात तरंगतं. तिथल्या पिंजऱ्यांत हा रोग फारसा त्रास देत नाही. मासे वर आले की आपोआप आंघोळ होते. (त्या खाडीच्या खोल पाण्यात प्राणवायूची टंचाई हा निराळा गंभीर प्रश्न आहे. एक जागा सगळ्या अंगांनी चांगली, असं होत नाही.)

मग अडतं कुठे? आंघोळीनं रोग मुळापासून जात नाही. उन्हाळ्यात महिना-दीड महिन्यात चट्टे परत येतात, पुन्हा आंघोळ, पुन्हा चट्टे. लाखो माशांसाठी एवढं गोडं पाणी, एवढी माणसं, एवढ्या बोटी. टास्मानियात या एका रोगापायी उत्पादनखर्चाचा 10 ते 20 टक्के वाटा जातो, असा अंदाज मांडला गेला आहे. प्रत्येक हाताळणीत माशाला ताण होतो तो वेगळाच. हायड्रोजन पेरॉक्साइडचं पाणीही वापरतात, पण समुद्र जरा उबदार असला की ते माशालाच घातक ठरतं. आणि रोग नेमका उबदार पाण्यातच जोर धरतो. बाजारात लस नाही.

एका वाटेवर मात्र खरी आशा आहे. काही कुळांतले मासे हा रोग अधिक चांगला सोसतात आणि तो गुण पुढच्या पिढीत उतरतो. टास्मानियात 2004 पासून निवड पद्धतीनं असे मासे पैदा केले जात आहेत. याच्या मुळाशी काय आहे? कल्ले उघडून पाहणं आणि 0 ते 5 असे गुण देणं. 0 म्हणजे स्वच्छ, 5 म्हणजे कल्ल्याचा बहुतेक भाग चट्ट्यांनी भरलेला. ठरावीक दिवसांनी थोडे मासे काढायचे, गुंगी द्यायची, झाकण उचलायचं, गुण लिहायचे, मासा परत सोडायचा. आंघोळ कधी घालायची तेही यावर ठरतं, आणि पुढच्या पिढीचे आईबाप कोण तेही. महागडं यंत्र यात एकही नाही.

आता चौथी गोष्ट, आपली.

हा रोग टास्मानियात थांबला नाही. आयर्लंड, स्कॉटलंड, चिली, दक्षिण आफ्रिका, जपान, कोरिया, कितीतरी ठिकाणी तो पोचला. 2011-12 मध्ये आयर्लंड-स्कॉटलंडमध्ये मोठी साथ आली. नॉर्वेत तो 2006 मध्ये दिसला, मग काही वर्षं दिसेनासा झाला, 2012 मध्ये आला तो मुक्कामालाच. नॉर्वे म्हणजे दरवर्षी 10 लाख टनांहून अधिक सालमन पिकवणारा देश. सालमनवरच्या उवा खाव्यात म्हणून पिंजऱ्यांत सोडलेले मासेसुद्धा या अमीबानं आजारी पडले. समुद्र तापतो आहे, पिंजरे वाढत आहेत, या दोन्ही गोष्टी अमीबाच्या पथ्यावर पडतात.

आणि याच गटातला अमीबा काय करू शकतो याची सर्वांत मोठी साक्ष पिंजऱ्याबाहेरची आहे. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला नोव्हा स्कोशियाच्या किनाऱ्यावर पॅरामीबा इन्व्हेडन्स या अमीबानं समुद्री साळिंदरांचा (सी अर्चिनचा) प्रचंड संहार केला. या साळिंदरांनी तळावरचं समुद्रशेवाळ खाऊन खडक उघडे पाडले होते. ते मेले आणि काही वर्षांत शेवाळाचं रान पुन्हा उभं राहिलं. उबदार पाणी आणि वादळं यांच्याशी या साथींचा संबंध पुढे दाखवला गेला. एका पेशीच्या जिवानं शेकडो किलोमीटरच्या किनाऱ्याचं रूप बदललं! मग त्याला क्षुद्र म्हणायची हिंमत आपण कशी करायची?

आता आपल्या देशाकडे पाहा. काश्मीर आणि हिमाचलात ट्राउटची शेती आहे. कुलूजवळच्या पतलीकुहल इथलं केंद्र तर नॉर्वेच्या मदतीनं उभं राहिलं. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं समुद्रातल्या पिंजऱ्यांचं तंत्र आपल्या किनाऱ्यांवर आणलं. महाराष्ट्रातल्या धरणांच्या जलाशयांत पंगस आणि तिलापियाचे पिंजरे तरंगत आहेत. रायगडच्या खाजणांत जिताडा वाढवण्याची रीत जुनीच आहे, आता जिताड्यासाठीही पिंजरे येत आहेत. हे सगळं चांगलं आहे. मच्छीमाराच्या घरात चार पैसे येतात, आपल्या ताटात मासा येतो. पण पिंजरा पाण्यात उतरवताना रोगाच्या पाहणीचा विचार आपण किती करतो? अनुदान ठरतं, बीज ठरतं, खाद्य ठरतं. कल्ला कोण पाहणार, हे ठरतं का?

आपल्या पाण्यात उद्या टास्मानियासारखीच साथ येईल, असं मी म्हणत नाही. आपलं पाणी वेगळं, मासे वेगळे. पण आपल्या पाण्यातही मोकळे अमीबा आहेत, दाटी आपणही करतो, आणि उन्हाळ्यात जलाशयातला प्राणवायू आपल्याकडेही घटतो. रोग आल्यावर त्याचं नाव शोधायला वीस वर्षं घालवण्याची चैन आपल्याला परवडणारी नाही.

थोडक्यात सांगतो. कल्ला हा माशाचा सर्वांत उघडा आणि सर्वांत नाजूक अवयव. अमीबा त्याला निमित्त देतो आणि माशाचं शरीर स्वतःच स्वतःचा श्वास कोंडून घेतं. रोगाचं कारण बशीत शोधलं तेव्हा वीस वर्षं चुकीचं नाव चाललं, कल्ल्यावर शोधलं तेव्हा ते सापडलं. गोडं पाणी काम करतं, कारण ते माशाला त्याच्या नैसर्गिक आयुष्याचा हरवलेला भाग देतं. आणि दाटी, उष्णता, निसटायला नसलेली वाट या तीन गोष्टी जिथे एकत्र येतात, तिथे मोकळा जीव रोगाचा जीव होतो.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत, आणि त्या मी शासनाकडे, मत्स्य महाविद्यालयांकडे आणि मत्स्यपालक संस्थांकडे एकाच वेळी करतो. पहिली, पिंजऱ्यांच्या प्रत्येक समूहात ठरावीक दिवसांनी माशांचे कल्ले उघडून पाहण्याची आणि गुण लिहून ठेवण्याची नोंदवही असावी. दुसरी, शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातून आणि वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेतून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींना रोगी कल्ल्याचा छेद सूक्ष्मदर्शकाखाली ओळखता यावा, आणि त्यांना त्यासाठी नोकरी मिळावी. तिसरी, एका पिंजऱ्यात किती मासे हे ठरवताना नफ्याच्या आकड्याशेजारी माशाच्या श्वासाचा आकडाही मांडला जावा.

या तिन्हींना फार पैसा लागत नाही. लागते ती रोजच्या कामात एक नवी सवय. ती सवय लावण्याची वेळ साथ येण्याआधीची असते, आणि आपल्याकडे ती वेळ अजून आहे.